बेडका म्हणायला लाज कसली?

कंधारला बोलायला उभं राहिलं की घरच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटतं. त्यामुळे आज जरा घरच्यासारखंच बोलणार आहोत. सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आमच्या नावामागचं ‘डॉक्टर’ तत्त्वज्ञानाचं आहे. तेव्हा व्याख्यान संपल्यावर कृपा करून कोणी खोकल्याचं औषध विचारू नये. आमचा विषय खोकल्याची मराठी हा आहे. छातीच्या आणि श्वासाच्या आजारांसाठी इंग्रजीतून मराठीत जे शब्द आले, ते नीट आले का, एवढंच आम्हाला तपासायचं आहे.

आधी एक घरातली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंना खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी हटेना. एका दवाखान्यात दाखवलं. तिथं हातात डबी दिली आणि सांगितलं, “उद्या सकाळी थुंकी घेऊन या.” भाऊ शिस्तीचे. सकाळी उठले, दात घासले, चूळ भरली आणि तोंडात जी स्वच्छ लाळ जमली ती डबीत टाकून नेऊन दिली. अहवाल आला, ‘जंतू आढळले नाहीत’. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

अडीच महिन्यांनी अंगावरचं मांस उतरल्यावर पुन्हा धावाधाव झाली. या वेळी एक अनुभवी सिस्टर भेटल्या. त्या म्हणाल्या, “काका, थुंकी नको मला. खोल श्वास घ्या, जोरात खोका आणि छातीतला बेडका काढून द्या.” भावांनी तसं केलं आणि टीबी निघाला. सहा महिने औषध घेऊन ते खडखडीत बरे झाले. पण त्या अडीच महिन्यांत त्यांचा नातू रोज त्यांच्या कुशीत झोपत होता. पुढे त्या लेकरालाही औषध सुरू करावं लागलं.

आता विचार करा, इथं चूक कोणाची? डबी देणाऱ्यानं नेमून दिलेला शब्द वापरला. भावांनी त्या शब्दाचा अर्थ प्रामाणिकपणे पाळला. आमच्या मते चूक शब्दाची आहे. इंग्रजीत तोंडातल्या लाळेला ‘सलायव्हा’ म्हणतात आणि छातीतून खोकून निघतो त्याला ‘स्प्युटम’. दोन वस्तू, दोन शब्द. मराठीतही दोन वस्तूंना वेगळे शब्द आहेत, थुंकी आणि बेडका. म्हणजे आपली भाषा कुठं कमी पडलेली नाही. तरी भिंतीवरच्या फलकांवर वर्षानुवर्षं ‘थुंकी तपासणी’ असंच लिहिलेलं दिसतं. का? तर ‘बेडका’ हा शब्द ओंगळ वाटतो. अनुवादकाला किळस आली आणि त्यानं शेजारचा सभ्य शब्द उचलला. शिष्टाचार पाळला, अर्थ मात्र सांडला.

इथं आमच्या विषयातला एक जुना धागा आठवतो. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत ‘अनुपलब्धी’ हे एक स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. एखादी वस्तू दिसली नाही, यावरून ती नाही हे कळणं म्हणजे अनुपलब्धी. पण तिला एक अट घातली आहे. ती वस्तू तिथं असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती पाहिजे. उजेडात जमिनीवर घागर दिसली नाही, तर घागर नाही असं म्हणता येतं. अंधारात दिसली नाही, तर तसं म्हणता येत नाही. उजेडातलं हे न दिसणं म्हणजे ‘योग्य’ अनुपलब्धी. भावांच्या लाळेत जंतू शोधणं म्हणजे अंधारात घागर शोधणं होतं. अहवाल खोटा नव्हता. जंतू खरोखरच आढळले नव्हते. पण ‘आढळले नाहीत’ याचा अर्थ आम्ही ‘नाहीत’ असा घेतला. शब्द चुकला, त्यामुळे नमुना चुकला, आणि नमुना चुकल्यामुळे आमचं ज्ञानच चुकलं.

दुसरा शब्द घ्या, कफ. औषधाच्या बाटलीवर ‘कफ सिरप’ असतं. त्यातला कफ इंग्रजी आहे, म्हणजे खोकला. आपला कफ संस्कृत आहे, म्हणजे छातीत साठतो तो. दोघांचं काही नातं नाही, उच्चार तेवढा जुळला आहे. पण खेड्यातली आई बाटली हातात घेते ती कफ बाहेर काढणारं औषध समजून. बरं, काही औषधं कफ पातळ करतात आणि काही नुसतीच खोकला दाबतात. म्हणजे कफ बाहेर काढायला निघालेली आई खोकला दाबून तो आतच ठेवू शकते. ही फसगत आपलीच होते असं नाही. स्पेनमध्ये एखादा म्हणाला की मी ‘कोन्स्तिपादो’ आहे, तर त्याला सर्दी झालेली असते. इंग्रजाला तो शब्द ओळखीचा वाटतो आणि तो बद्धकोष्ठाचं औषध काढून देतो. ओळखीचा चेहरा घेऊन आलेला परका शब्द अनोळखी शब्दापेक्षा जास्त धोक्याचा असतो, बरं का.

तिसरा शब्द आपल्या मराठवाड्याचा. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. आपल्याकडे शतकानुशतकं फारसी-उर्दूची राजवट होती, तो शब्द आपल्या तोंडात मुरला. म्हातारी म्हणते, “जिना चढलं की दम लागतो.” ऐकणारा लिहून घेतो, ‘दमा’. एका कान्यानं लक्षणाचा रोग झाला! दम लागणं ही तक्रार आहे. ती दम्यात असते, हृदय कमजोर झाल्यावर असते, अंगात रक्त कमी असलं तरी असते. उलटही घडतं. “दमा आहे का?” असं विचारलं की माणूस घाबरून “नाही” म्हणतो. त्याऐवजी “धाप लागते का? झोपल्यावर लागते की चालल्यावर?” असं विचारलं, तर तोच माणूस सगळं सांगतो.

आता कोशांकडे येतो. राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची. तिथल्या परिभाषा कोशांबद्दल टिंगल करायची फॅशन आहे, आम्ही ती करणार नाही. वैद्यक मराठीत शिकवता यावं हे स्वप्न मोठं होतं. पण कोशातला शब्द विद्यार्थ्यासाठी घडवलेला असतो. तोच उचलून रोग्याच्या पत्रकात ठेवला की घोळ होतो. ‘श्वासनलिकादाह’ पाहा. कोशात दाह म्हणजे सूज, लाली, ठणका या सगळ्यांची मिळून एक प्रक्रिया. बोलण्यात दाह म्हणजे आग. रोगी म्हणतो, “छातीत आग तर होत नाही, मग हा रोग माझा नाही.” मराठी विश्वकोशानं ‘शोथ’ हा शब्द घेतला आणि पुष्कळ ठिकाणी ‘दाहयुक्त सूज’ असा खुलासा शेजारी दिला. हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडतो. आपला शब्द वाचकाला कळणार नाही, याची जाणीव तिथं आहे.

मग लोकांनी स्वतः घडवलेले शब्द पाहा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला लोक मानमोडी म्हणाले. ‘डांग्या खोकला’ म्हटलं की लेकराची उबळ डोळ्यासमोर उभी राहते. हे शब्द कुठल्या समितीनं दिलेले नाहीत.

आणि कधी कधी शब्दाची गरजही पडत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं लहान मुलांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करून बालमृत्यू कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. न्यूमोनिया ओळखण्याची एक खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतलं लेकरू मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, वर्षाच्या आतलं ५०, पाच वर्षांच्या आतलं ४०, तर सावध व्हायचं. पण ज्या दाईला एवढे आकडे मोजता येत नाहीत, तिनं काय करायचं? तिच्यासाठी त्यांनी मणी आणि मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं साधन केलं. आमच्या मते हा वैद्यकीय अनुवादाचा उत्तम नमुना आहे. ‘जलद श्वसन’ या दोन शब्दांचा अनुवाद त्यांनी दाईच्या बोटांत केला.

कोणी म्हणेल, मग इंग्रजीच ठेवा ना. काही ठिकाणी जरूर ठेवावं. ‘क्षय’ म्हणजे झिजणं. जुन्या इंग्रजी नावातही झिजणंच होतं. १८८२ साली रॉबर्ट कॉखनं जंतू दाखवला आणि झिजण्याचं कारण कळलं. आज औषधानं बरा होणारा रोग ‘क्षय’ म्हटल्यावर अजून मरणासारखा वाटतो आणि ‘टीबी’ म्हटल्यावर जरा आटोक्यातला वाटतो. मग टीबी म्हणावं. आमचा आग्रह मराठी शब्दाचा नाही आणि इंग्रजीचाही नाही. शब्द ऐकून माणूस काय करील, हे आधी पाहावं, एवढाच आहे.

त्याची कसोटी सोपी आहे. सूचना देऊन झाली की विचारायचं, “आजी, आता घरी जाऊन काय करणार, सांगा बरं.” आजी जे सांगेल तो आपल्या अनुवादाचा निकाल. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला’ हे वाक्य चांगलंच आहे, पण दिवस कोण मोजतं? “दोन बाजार झाले तरी खोकला गेला नाही, तर तपासून घ्या,” असं सांगून पाहा.

इथं आशाताई बसल्या आहेत, मास्तर मंडळी आहेत. पुढे हे व्याख्यान ऐकणारे-वाचणारेही असतील. सगळ्यांना एकच विनंती. तुमच्या गावच्या फलकावर ‘थुंकी’ लिहिलं असेल, तर त्याखाली खडूनं एक ओळ लिहा: तोंडातली थुंकी नको, खोकून काढलेला छातीतला बेडका द्या. वाचणाऱ्याला किळस येईल, येऊ द्या. आमच्या घरात ती किळस कोणी आधी केली असती, तर एका लेकराचं औषध वाचलं असतं.