‘किल्ला’ : परक्या गावातला मुलगा

वर्गाच्या दारात दप्तर घेऊन उभा असलेला नवा मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. काहींनी तो होऊनही पाहिला आहे. बाबूराव पेंटरांच्या या करवीरनगरीत चित्रपटावर बोलण्यास कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून त्या मुलाच्या निमित्ताने ‘किल्ला’विषयी लिहितो.

अविनाश अरुण दिग्दर्शित या चित्रपटाला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी ‘क्रिस्टल बेअर’ देऊन गौरविले. २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. कथा लहानशी. वडिलांच्या निधनानंतर चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातील एका गावी येतो. शाळेत बंड्या व इतर सवंगडी भेटतात. एके दिवशी सारे सायकलींवरून किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळू लागतो, आणि चिन्मय बाहेर येऊन पाहतो तो सोबती निघून गेलेले! त्या ओल्या दगडी भिंतींत त्याला केवळ मित्रांनीच नव्हे, तर गेलेल्या वडिलांनीही पुन्हा एकदा एकटे टाकल्यासारखे वाटले असावे. चित्रपट तसे बोलून दाखवत नाही, हे त्याचे शहाणपण.

येथे एखाद्या दिग्दर्शकाने बंड्याला खलनायक केले असते. अविनाश अरुण तसे करीत नाहीत. मुले मुलांसारखी वागली, एवढेच. त्यांच्या अपराधापेक्षा चिन्मयचा अबोला मोठा आहे, आणि आपल्याभोवतीच्या तटाचे काही दगड आपणच रचले आहेत हे त्याला हळूहळू उमगते. अमृता सुभाष यांनी साकारलेली आईही या गावात नवखीच, कार्यालयातही एकाकी. एकाच छपराखाली दोघे परके, आणि दोघेही आपले दुःख एकमेकांपासून लपवीत आहेत. मला वाटते, या चित्रपटाचा दिलासा येथे आहे. चिन्मयला आपले गाव मिळते असे नाही; रुळावे तोच पुन्हा बदली येते. पण शेजारचे माणूसही आपल्याइतकेच एकटे आहे, हे त्याला दिसू लागते. दर काही वर्षांनी ट्रंक भरणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना हे वेगळे सांगायला नको. नव्या धर्मग्रामातील पहिल्या रविवारी मिस्सा आटोपून अंगण रिकामे झाले की जे वाटते, ते मला अर्चित देवधर या बालनटाच्या चेहऱ्यावर दिसले.

उणिवा आहेत. छायाचित्रण दिग्दर्शकाचेच असल्याने पाऊस व समुद्र यांचा मोह क्वचित कथेला थांबवून ठेवतो; आईच्या कार्यालयातील प्रकरण मात्र घाईने उरकले आहे.

‘फँड्री’ही असाच आहे ना, असे एका युवकाने मला विचारले. नाही. २०१४ साली प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या त्या चित्रपटातील जब्या कैकाडी कुटुंबातला आहे. तो गावात नवा नाही, तेथलाच आहे. तरी गाव त्याला बाहेर ठेवते. त्याच्याकरिता बदलीचा हुकूम येत नाही, आणि एखाद्या बंड्याच्या मैत्रीने त्याचे डुकरे धरणे सुटत नाही. मंजुळे शेवटी प्रेक्षकांवरच दगड भिरकावतात. म्हणून हे दोन चित्रपट लागोपाठ पाहू नयेत. ‘किल्ला’त मी स्वतःला सहज चिन्मयच्या जागी बसविले होते, तीच सवय घेऊन ‘फँड्री’कडे गेलो, आणि तो दगड माझ्यासाठी होता हे ध्यानी यायला मला घरी पोहोचावे लागले.