कमानीमागचा माणूस
(मराठी मुस्लिम तरुणांचे वैयक्तिक ब्लॉग : मांडणी आणि लेखन)

नांदेडहून लातूर रस्त्याला लागले की गोदावरीच्या पलीकडे विष्णुपुरी येते. धरण, १९८१ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही या परिसराची ओळख. कंधार, मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूर अशा तालुक्यांतून मुले-मुली इथे शिकायला येतात. त्यांतल्या अनेक मुस्लिम मुलांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेले ते पहिलेच माणूस असते. घरात दखनी, मदरशात उर्दू आणि शाळेत मराठी अशा तीन भाषा घेऊन ही मुले येतात. त्यांपैकी कुणी एखाद्या रात्री निरोप पाठवतो, ‘सर, ब्लॉग सुरू केलाय. वाचून सांगा.’

मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे वाचणे आणि सांगणे ही जबाबदारी टाळता येत नाही. गेल्या काही वर्षांत असे बरेच ब्लॉग वाचले. त्यांविषयी जे वाटले ते इथे एकत्र मांडतो आहे. नावे देत नाही. हे लेखक अजून उमेदवारी करणारे आहेत, आणि जे दोष सांगायचे आहेत ते कुणा एकाचे नाहीत.

आधी या माध्यमाचे मोल मान्य केले पाहिजे. ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. पण मराठी लेखकाला तिचा खरा उपयोग झाला तो युनिकोडमुळे. त्याआधी ‘शिवाजी’ किंवा ‘कृतिदेव’ फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हांची खिचडी होऊन दिसायचा. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ आला, पुढे रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी उमटवणारी साधने आली, आणि सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजणारा मुलगाही मराठीत लिहू लागला. त्याला संपादकाची ओळख लागली नाही, पोस्टाचा खर्च आला नाही, ‘साभार परत’चे पाकीट आले नाही. ज्या समाजातल्या मुलाला मराठी नियतकालिकाच्या दारात उभे राहतानाच ‘तुम्हाला मराठी छान येते की!’ असे ऐकावे लागते, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हती.

आता ब्लॉगचा भर ओसरला आहे. बहुतेकांचे लेखन फोनवरच्या गटांत होते आणि तिथेच विरून जाते. चार हातांतून पुढे गेलेल्या मजकुराचा लेखक कोण आणि तो कधी लिहिला, हे कुणालाच ठाऊक नसते. ब्लॉगवर मात्र नाव असते, तारीख असते आणि पुन्हा जाता येईल असा पत्ता असतो. म्हणून जे अजूनही ब्लॉग लिहितात त्यांची चिकित्सा गांभीर्याने व्हायला हवी. नुसते कौतुक पुरेसे नाही.

ब्लॉग उघडला की पहिल्यांदा दिसते ती कमान. हिरवी पार्श्वभूमी, चंद्रकोर, मिनार आणि बहुधा लेखकाने कधी न पाहिलेल्या एखाद्या दूरच्या मशिदीचे छायाचित्र. श्रद्धेविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार इतकीच की, हे चित्र देगलूरच्या मुलाच्या ब्लॉगवर असते तसेच मालेगावच्या आणि तसेच कराचीच्या मुलाच्या ब्लॉगवरही असू शकते. त्यातून लेखकाचा धर्म कळतो, लेखक कळत नाही. कंधारच्या मुलाकडे राष्ट्रकूटकालीन किल्ला आहे, हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे, स्वतःची गल्ली आहे. त्यांतले काही त्याच्या पानावर येत नाही. ‘माझ्याविषयी’ या रकान्यात ‘एक संवेदनशील मन’ असे लिहिलेले असते. गावाचे नाव नसते.

कमानीच्या आत शिरल्यावर जत्रेतल्यासारखी गर्दी. किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा, घड्याळ, सरकती पट्टी आणि पान उघडताच आपोआप सुरू होणारी कव्वाली. जुन्या ब्लॉगांवर यांतले बरेच आता मेलेले आहे. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाले आणि त्यावर चालणारी घड्याळे, गाणी वाजवणारे डबे एकाच वेळी थांबले. त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी उरल्या. मला त्यात एक धडा दिसतो. उसनी सजावट देणाऱ्याच्या मर्जीवर जगते. लिहिलेली ओळ तेवढी आपली असते.

आणि ती ओळच वाचायला कठीण करून ठेवलेली असते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो. दोन ओळींत पुरेशी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरे, सगळा मजकूर ठळक आणि गद्यसुद्धा कवितेसारखे मधोमध, हे वाचकाच्या डोळ्यांवर जुलूम करणे आहे. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरला तर मराठीतल्या लांब शब्दांमुळे मध्येच खिंडारे पडतात. फोनच्या अरुंद पडद्यावर ती जास्तच दिसतात. ओळी डावीकडून सुरू कराव्यात आणि उजवी कड मोकळी सोडावी. पांढऱ्यावर काळे पुरे. ‘मुक्ता’सारखे सुबक फाँट आता फुकट मिळतात. शुद्धलेखनातही एक खूण पाहावी. ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुसर्या’ आणि ‘तऱ्हा’ऐवजी ‘तर्हा’ दिसले की समजावे, लेखकाने लिहिलेले पुन्हा वाचलेले नाही. मराठीचा हा खास ‘ऱ्य’ टाइप करायला एखादी कळ जास्त दाबावी लागते. ज्याला ती कळ दाबण्याचा कंटाळा, त्याचे मराठीवरचे प्रेम कसे मानायचे?

आता लेखनाकडे वळू. मला असे दिसते की, मांडणीत जी कमान आहे तीच लेखनातही आहे. नोंद सुरू होते एका शेराने, आणि तो बहुतेक वेळा गालिबच्या नावावर खपवलेला असतो. मग येते प्रास्ताविक, ‘आज समाजात...’ असे. त्यानंतर खुलासा. आम्ही या मातीतले आहोत, आमचा धर्म शांतीचा आहे, आमच्याविषयी गैरसमज आहेत. हे खोटे नाही, आणि हे बोलण्याची पाळी या मुलांवर का येते हेही मला ठाऊक आहे. पण नोंद ईदच्या सकाळची असो, बहिणीच्या लग्नाची असो की वसतिगृहातल्या डब्याची, खुलासा चुकत नाही. समोर कुणी आरोप करणारा बसला आहे असे धरूनच लेखक लिहायला बसतो. जो वाचक त्याच्याच वयाचा आहे, त्याच्यासारखाच घरापासून दूर राहतो आणि फक्त ‘पुढे काय झाले?’ एवढेच विचारतो, तो त्याच्या लेखी नसतोच. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला गोष्ट सांगता येत नाही. तो फक्त उत्तरे देतो.

भाषेचेही तेच. एका नोंदीत मुलगा पहाटेच्या गाडीने विष्णुपुरीला निघतो आणि अम्मी म्हणते, ‘बाळ, तू कुठे चाललास? जेवण करून जा.’ या घरात असे कुणी बोलत नाही, हे लेखकाला माहीत आहे आणि मलाही. अम्मी म्हणाली असणार, ‘कां जारा रे? दो निवाले खाको जा.’ ही ओळ मराठी वाचकाला कळणार नाही असे त्याला का वाटावे? मराठवाड्यातला कुठलाही वाचक हे रोज बाजारात ऐकतो. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. तेव्हापासून मराठी वाचकाने घरोघरच्या बोली ऐकण्याची सवय लावून घेतली आहे. आपणच आपल्या आयांना शाळेच्या पुस्तकातले मराठी बोलायला लावतो. त्यात त्यांचा आवाज जातो. तसेच संदल, गलेफ, कंदुरी, चोंगे या शब्दांचे. प्रत्येकापुढे कंसात अर्थ देण्याची गरज नाही. मोहरमचे चोंगे कसे लाटले आणि कुणाच्या घरी पोचवले हे सांगितले की अर्थ आपोआप कळतो.

या सगळ्यात एक नोंद मला वेगळी वाटली. लिहिणारी मुलगी मनियार घराण्यातली. पान पांढरे, अक्षरे काळी, बांगड्यांच्या पेटीचे एकच छायाचित्र. विषय दादीचा. दादी गावोगाव बांगड्या भरायला जायची. दोन-चार, दोन-सहा अशी मापे पेटीत असायची, पण ती कुणाचा हात मोजत नसे. समोरच्या बाईच्या हाताचे सांधे चाचपून बरोबर माप काढी. हातात डझन घेऊन वाजवी आणि आवाजावरून तडकलेली बांगडी वेगळी करी. लग्नघरी तिला खास बोलावणे जाई. नवरीच्या हातात चुडा भरला की नवरीची आई तिला खण देई, आणि ते खण दादीच्या ट्रंकेत घडी न मोडता पडून होते. या नोंदीत ‘ऐक्य’ हा शब्द कुठे नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. एका मुसलमान म्हातारीच्या हातात गावातल्या प्रत्येक घरची मुलगी आपला हात देते, यापुढे आणखी काय सांगायचे?

पण शेवटच्या परिच्छेदात ती मुलगीही डगमगली. तिथे राष्ट्रीय एकात्मतेवर सहा ओळी आल्या. मी तिला तेवढ्या ओळी काढायला सांगितल्या. तिने विचारले, ‘सर, मग लोकांना मुद्दा कसा कळणार?’

त्या प्रश्नाने मला गप्प केले. कारण ही सवय या मुलांना कुणी लावली? १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. त्या व्यासपीठाने आमच्या पिढीला उभे केले, हे ऋण मोठे आहे. पण त्यानंतर आम्ही काय केले? मुस्लिम मराठी साहित्य म्हणजे काय, ते वेगळे का, त्याची प्रेरणा कोणती, याच चर्चांत आम्ही वर्षे घालवली. मीही अशा परिसंवादांत बोललो आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. हमीद दलवाईंची ‘इंधन’ १९६५ सालची. तिच्यातल्या गावातली माणसे स्वतःची ओळख करून देत बसत नाहीत, ती जगतात आणि भांडतात. ते उदाहरण आमच्यासमोर होते. आम्ही मुलांना प्रस्तावना लिहायला शिकवले, गोष्ट शिकवली नाही. कमान आम्ही बांधली आहे. मुलांनी तिला फक्त हिरवा रंग दिला.

हा नुसता शैलीचा प्रश्न नाही. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत सप्टेंबर १९४८ च्या आठवणी आहेत. त्यांत रझाकारांच्या दहशतीच्या आहेत, तशाच पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांच्याही आहेत. कोण कुणाच्या कडब्यात लपले, कुणी कुणाला भाकर दिली, कोण परत आलेच नाही. सुंदरलाल समितीने त्या काळाचा अहवाल लिहिला, पण तो अनेक वर्षे सामान्य वाचकाच्या हाती नव्हता. घरातले मात्र सारे तोंडीच राहिले. ज्यांनी ते पाहिले त्यांतले आता मोजकेच उरले आहेत. एका ब्लॉगवर मी ‘नानीची ट्रंक’ असे शीर्षक पाहिले आणि सावरून बसलो. पहिल्या चार ओळींत नानी ट्रंक उघडते. पाचव्या ओळीपासून हैदराबाद संस्थानाचा इतिहास सुरू होतो, कुठून तरी उतरवलेला, निजामाच्या वंशावळीसकट. ट्रंकेत काय होते ते शेवटपर्यंत कळले नाही. तो इतिहास दहा पुस्तकांत मिळेल. ट्रंक एकाच घरात होती.

म्हणून या मुलांना सांगणे इतकेच. वरचे चित्र काढा आणि गावाचे नाव लिहा. प्रत्येक नोंदीवर तारीख राहू द्या. शेर आवडत असेल तर वहीत ठेवा. पहिला परिच्छेद लिहून झाल्यावर खोडा, बहुतेक वेळा नोंद दुसऱ्यापासून सुरू होते. अम्मी जे बोलली ते तसेच लिहा. शेवटी तात्पर्य सुचले तर कळ दाबण्याआधी एक चहा पिऊन या. आणि जे लिहिले त्याची एक छापील प्रत घरात ठेवा. संकेतस्थळे बंद होतात, गुप्तशब्द विसरले जातात.

आपल्या वार्षिकांच्या संपादकांनाही एक विनंती आहे. दरवर्षी दोन-चार पाने या नोंदींसाठी राखावीत. मनियाराच्या त्या नातीने ब्लॉगवर एकूण सात नोंदी लिहिल्या. मग परीक्षा आल्या, नोकरी आली, लग्न झाले, आणि ब्लॉग थांबला. सातही मी छापून फाइलीत ठेवल्या आहेत. दादीच्या नोंदीतल्या शेवटच्या सहा ओळी तिने अखेर काढल्या होत्या. आता ती नोंद ट्रंकेतल्या खणांवर संपते.