मोहीम कीं वारी? अंतराळप्रवासाची मराठी भाषा

एखाद्या समाजाचें मन ओळखावयाचें असेल, तर त्यानें कोणता पराक्रम केला यापेक्षां तो कोणत्या शब्दांत सांगितला हें पाहणें अधिक उपयोगाचें असतें. मानवाच्या अंतराळप्रवासासंबंधीं मराठींत गेल्या साठ वर्षांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. अग्रलेख, शालेय पाठ, मुलांसाठीं लिहिलेलीं चरित्रें, प्रासंगिक कविता असा हा संभार मोठा आहे. त्यांतील शास्त्रीय माहितीची परीक्षा करणें हें आमचें काम नव्हे. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो त्या लेखनाच्या भाषेचा. राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धा श्रेयस्कर कीं सहकार्य, या प्रश्नाचें उत्तर ही भाषा वाचकाला नकळत देऊन टाकते. आणि तें उत्तर अर्धेंच खरें आहे असें आमचें मत आहे.

प्रथम शब्दच पाहा. यान पाठविण्याच्या उद्योगास आपण 'मोहीम' म्हणतों. दसऱ्यास सीमोल्लंघन करून लष्कर बाहेर पडे, ती मोहीम. मोहीम म्हटली कीं मुलूख आला, शत्रू आला, फत्ते आली. मग यान चंद्रावर नुसतें उतरत नाहीं, चंद्र 'पादाक्रांत' होतो; शास्त्रज्ञ 'रणधुरंधर' होतात आणि दुसरीं राष्ट्रें 'धूळ चाटतात'. रूपक हा केवळ अलंकार नव्हे. रूपकांत ज्यांना जागा असते तेवढेच लोक स्मरणांत राहतात. मोहिमेच्या रूपकांत सेनापतीला जागा आहे, शिपायाला आहे, शत्रूला तर आहेच. परंतु वाटेंत ज्यानें आपला घोडा दिला आणि दाणावैरण पुरविली, त्या परक्या गृहस्थास जागा नाहीं. भारताच्या अंतराळप्रवासाच्या मराठी कथेंतून नेमका हाच गृहस्थ गळून पडला आहे.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा या मासेमारांच्या गांवाहून पहिला अग्निबाण उडाला. तें जुनें चर्च, सायकलवरून नेलेले सुटे भाग आणि विक्रम साराभाईंची दूरदृष्टि या गोष्टी आमच्या मुलांस ठाऊक असतात, आणि तें रास्तच आहे. परंतु तो अग्निबाण अमेरिकेचा होता; त्यानें आकाशांत सोडलेली सोडियमची वाफ हा फ्रेंच शास्त्रज्ञांचा प्रयोग होता; आणि तळाच्या उभारणींत सोव्हिएट रशियानें हेलिकॉप्टर व गणकयंत्र देऊन हातभार लाविला होता. क्यूबाच्या प्रकरणावरून जग जळून जातें कीं काय अशी भीति वाटल्यास तेव्हां अवघे तेरा महिने झाले होते. एकमेकांवर अण्वस्त्रें रोखून बसलेल्या या दोन सत्ता केरळच्या वाळूंत एकाच गरीब राष्ट्राच्या साहाय्यास उभ्या होत्या! यापरतें नाट्य तें कोणतें? २ फेब्रुवारी १९६८ रोजीं इंदिरा गांधींनीं हा तळ संयुक्त राष्ट्रांच्या कार्यास अर्पण केला. सायकलीचें चित्र मात्र राहिलें आणि हें नाट्य आमच्या लेखकांनीं सोडून दिलें.

पुढील प्रसंग तर आमच्या मराठवाड्याच्या उंबऱ्याशीं घडला. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेनें आपला उपग्रह भारताच्या उपयोगासाठीं दिला आणि सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शिक्षण व शेती यांविषयींचे दूरदर्शनाचे कार्यक्रम पोहोंचले. त्यांत कर्नाटकांतील गुलबर्गा जिल्ह्याचीं खेडीं होतीं. हा जिल्हा १९५६ पर्यंत आमच्या कंधाराप्रमाणें हैदराबाद राज्यांतच होता. कोल्हापुरांत जन्मलेले एकनाथ चिटणीस हे या प्रयोगाच्या प्रमुख सूत्रधारांपैकीं एक. परराष्ट्राचा उपग्रह, आपली योजना आणि सीमेपलीकडील ज्वारीच्या शेतांत राबणारा प्रेक्षक. ही कथा मोहिमेच्या सांच्यांत बसत नाहीं, म्हणून ती सांगितलीच जात नाहीं.

३ एप्रिल १९८४ रोजीं राकेश शर्मा अंतराळांत गेले. पंतप्रधानांच्या प्रश्नास त्यांनीं इक्बालांच्या प्रसिद्ध गीताच्या ओळीनें दिलेलें उत्तर घरोघरीं पाठ आहे; परंतु ज्यांच्यासह ते गेले त्या मालिशेव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांचीं नांवें शेंकडा एकासही सांगतां येतील कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. २५ जून २०२५ रोजीं शुभांशु शुक्ला अमेरिकन यानांतून निघाले आणि आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकांत जाऊन १५ जुलैस परतले. त्यांच्या समवेत पेगी व्हिटसन या नेत्या, एक पोलंडचा आणि एक हंगेरीचा असे सहप्रवासी होते. आतां योग पाहा. पोलंडचा पहिला अंतराळवीर १९७८ सालीं गेला, हंगेरीचा १९८० सालीं आणि भारताचा १९८४ सालीं. तिघेही सोव्हिएट यानांतून. त्याच तीन राष्ट्रांचे दुसरे अंतराळवीर चार दशकांनंतर एकाच वेळीं आणि एकाच यानांत, पण अमेरिकेच्या भूमीवरून निघाले. मधल्या काळांत सोव्हिएट संघ नाहींसा झाला, दोन राष्ट्रांनीं आपली राज्यपद्धति बदलली, आणि तिन्ही जणांचें जाणें मात्र दुसऱ्याच्या वाहनांतूनच झालें. एवढा मोठा इतिहास त्या चार आसनांत सामावला असतां आमच्या वाचनांत आलेल्या बहुतेक मराठी लेखांनीं तिरंग्यापलीकडे पाहिलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं स्पर्धेशिवाय हें कांहींच झालें नसतें. हें म्हणणें आम्ही नाकारीत नाहीं. ४ ऑक्टोबर १९५७ चा स्पुटनिक, १२ एप्रिल १९६१ चें गागारिनचें उड्डाण आणि २० जुलै १९६९ रोजीं चंद्रावर पडलेलें पाऊल हीं ईर्ष्येचीं फळें आहेत, हें सूर्यप्रकाशाइतकें स्पष्ट आहे. बारा वर्षांत चेंडूएवढ्या उपग्रहापासून चंद्रापर्यंत मजल गांठण्यास जो पैसा आणि जी घाई लागली, ती निव्वळ ज्ञानलालसेनें पुरविली नसती. परंतु ईर्ष्या वेग देते, टिकाऊपणा देत नाहीं. बारा माणसें चंद्रावर चालून आलीं, १९७२ च्या डिसेंबरांत शेवटचा प्रवासी परतला, आणि शर्यत जिंकली जातांच शर्यतीचें मैदान ओस पडलें. पुढें अर्धें शतकभर तेथें कोणी पाऊल टाकलें नाहीं. याउलट अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा यांनीं मिळून उभारलेल्या अंतराळस्थानकांत २ नोव्हेंबर २००० पासून पंचवीस वर्षें एकही दिवस मनुष्यवस्ती खंडित झाली नाहीं. २००३ सालीं कल्पना चावला व त्यांचे सहा सहकारी ज्या अपघातांत गेले, त्यानंतर अमेरिकेचीं यानें दोन वर्षांहून अधिक काळ उभीं राहिलीं. तेव्हां तेथील माणसांची नेआण रशियन यानांनीं केली. २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटल्यावरही तो संसार मोडला नाहीं.

आमच्या कंधारांत हा भेद डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. येथील किल्ला निजामशाहीकडून मोगलांकडे आणि पुढें निजामाकडे गेला. त्याच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद इतिहासकारांनीं केली. राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग तलाव मात्र गांवाच्या कडेला पाणी धरून राहिला. किल्ल्याच्या कथा लिहिल्या जातात आणि तळ्याच्या कथा लिहिल्या जात नाहींत, एवढ्यावरून किल्ला अधिक उपयोगाचा ठरत नाहीं.

तथापि सहकार्याचा भाबडा पुरस्कारही आम्हांस मान्य नाहीं. १९९१ सालीं भारतानें रशियन संस्थेशीं अतिशीत इंधनाच्या इंजिनाचा करार केला. १९९२ सालीं अमेरिकेनें त्यावर निर्बंध लादले आणि पुढील वर्षीं रशियानें तयार इंजिनें देण्याचें कबूल करून विद्या देण्याचें मात्र नाकारलें. विद्या मागून मिळत नाहीं, हा धडा तेव्हां मिळाला. अपयशें पचवून ५ जानेवारी २०१४ रोजीं आपण स्वतःच्या इंजिनानें यश मिळविलें. सहकार्य हाही कधीं कधीं एक किल्लाच असतो, हेंही विसरूं नये. २०११ च्या कायद्यानें अमेरिकेनें आपल्या अंतराळसंस्थेस चीनशीं सहकार्य करण्याची जवळजवळ बंदी केली. चीननें आपलें स्वतंत्र स्थानक उभारलें आणि २०२१ पासून तेथें आपलीं माणसें पाठविलीं. ज्याला दाराबाहेर ठेवावें तो दुसरें घर बांधतो, हाच याचा अर्थ.

परंतु इंजिनाची कथा येथें संपत नाहीं, आणि आमचे लेखक ती येथेंच संपवितात हाच त्यांच्यावर आमचा मुख्य आक्षेप आहे. ३० जुलै २०२५ रोजीं त्याच जातीच्या स्वदेशी अतिशीत इंजिनानें 'निसार' हा उपग्रह कक्षेंत नेला. त्यांतील एक रडार भारताचें आणि दुसरें अमेरिकेचें आहे. ज्या विद्येची वाट अमेरिकेनें अडविली, तिच्याच खांद्यावर बसून अमेरिकेचें उपकरण आकाशांत गेलें! हें सूडाचें समाधान नव्हे. बरोबरीच्या नात्यानें केलेल्या सहकार्याचें आहे. हा उपग्रह बारा दिवसांत जवळजवळ सर्व भूपृष्ठ पाहून घेतो आणि जमिनीची बारीकशी हालचालही टिपतो. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहांट ज्या लातूर-नांदेड भागानें अनुभवली, त्या भागाला जमिनीच्या हालचालीचें महत्त्व सांगावयास नको. भूकंपाचें भाकित कोणताही उपग्रह करीत नाहीं. पण जमीन कोठें ताणली जात आहे आणि कोठें खचत आहे, हें ज्ञान दोन राष्ट्रांनीं मिळून आमच्या पायांखालच्या भुईविषयीं मिळवावें, ही गोष्ट मराठी वाचकाला चंद्रावरील झेंड्याइतकीच जवळची वाटली पाहिजे.

ललित वाङ्मयाकडे वळलें तर तेथें चित्र थोडें निराळें आहे, आणि त्याचें श्रेय प्रामुख्यानें जयंत नारळीकरांस आहे. २०२५ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. त्यांच्या 'धूमकेतू' या कथेंत एका हौशी बंगाली निरीक्षकास धूमकेतू सांपडतो, तो पृथ्वीवर आदळेल असें गणित निघतें, आणि निरनिराळ्या राष्ट्रांचे शास्त्रज्ञ एकत्र बसून उपाय करतात. नायकाच्या घरांत शांतीसाठीं यज्ञ चालतो तो वेगळाच. शत्रू येथें परराष्ट्र नव्हे. तो बाहेरून येणारा दगड आहे आणि आंत असलेलें अज्ञान आहे. याच लेखकानें 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेंत पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय, ही कल्पना रंगविली. म्हणजे विजयाच्या स्वप्नाचें आकर्षण त्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण तें स्वप्न त्यांनीं इतिहासाकडे ठेविलें, आकाशांत नेलें नाहीं. हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो. तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. 'धूमकेतू'मधील सहकार्य भयापोटीं जन्मतें आणि मूठभर तज्ज्ञांत गुप्तपणें पार पडतें. नित्याच्या, कंटाळवाण्या, हिशेबांवरून भांडणाऱ्या आणि तरीही न तुटणाऱ्या सहकार्याची कथा मराठींत अजून लिहावयाची राहिली आहे.

तिला सामग्री हवी असेल तर ती पुणें जिल्ह्यांतील खोडद येथें आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभ्या राहिलेल्या तेथील तीस महाकाय दुर्बिणी एरवीं दूरच्या दीर्घिकांचे संदेश ऐकतात. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें 'शियापारेली' हें यान मंगळावर उतरूं लागलें, तेव्हां त्याचा क्षीण संदेश जुन्नरच्या त्या डोंगराळ मुलखांत ऐकूं आला. उतरण्याच्या थोडा वेळ आधीं तो थांबला. यान आदळून नष्ट झालें होतें. दुसऱ्याच्या अपत्याची शेवटची हांक मराठी भूमीनें कान देऊन ऐकली. त्यांत फत्ते नव्हती, झेंडा नव्हता. म्हणून त्यावर कविता झाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. याच्या उलट, ऑगस्ट २०२३ मध्यें आपलें यान चंद्रावर सुखरूप उतरलें, तेव्हां चार दिवस आधीं रशियाचें यान तेथें आदळलें होतें याचा उल्लेख हिणविण्यासाठीं करण्याचा मोह किती लेखण्यांस आवरला?

मग दुसरा शब्द कोणता? आपल्या भाषेंत तो आहेच. वारींत प्रत्येक दिंडीला आपली पताका असते, आपला क्रमांक असतो, मानपानावरून कुरबुरीही होतात. पताका टाकून द्या असें वारीला कोणी सांगत नाहीं. पण वाट सर्वांची एक असते आणि जेथें पोहोंचावयाचें तें पंढरपूर कोणाच्या मालकीचें होत नाहीं. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानें चंद्र व इतर ग्रहगोल यांवर कोणत्याही राष्ट्रानें स्वामित्व सांगूं नये असें ठरलें; भारतही त्यांत सामील आहे. अर्थात् 'पादाक्रांत' हा शब्द केवळ अभिरुचीच्या दृष्टीनें नव्हे, कायद्याच्या दृष्टीनेंही खोटा आहे. उपमा सर्वांशीं जुळते असा आमचा दावा नाहीं. वारीला कोणीही पायीं जाऊं शकतो, अंतराळांत ज्याच्यापाशीं धन आणि विद्या आहे तोच जातो. आणि वाट अडविणारे तेथें आहेत हें आम्हीं वर दाखविलेंच आहे. पण मोहिमेपेक्षां ही उपमा सत्याच्या अधिक जवळ आहे, आणि वाटेंत पाणी देणारास तींत जागा आहे.

'मोहीम' हा शब्द आतां रूढ झाला आहे. तो हद्दपार करा असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें मागणें साधें आहे. भारताच्या स्वतःच्या यानांतून भारतीय मनुष्य अंतराळांत पाठविण्याची 'गगनयान' योजना चालू आहे. त्यासाठीं निवडलेल्या चौघांचें आरंभीचें शिक्षण रशियांत झालें. तें उड्डाण होईल तेव्हां अभिमानाचे लेख लिहिले जातील, आणि ते जावेत. इंजिनाच्या प्रकरणानें हा अभिमान कष्टानें मिळविला आहे. पण त्या लेखांत थुंब्याच्या वाळूंतील अमेरिकन अग्निबाण असावा, फ्रेंच वाफ असावी, रशियन गुरु असावेत, आणि आपण कोणास काय दिलें हेंही असावें. घेतलेलें सांगितल्यानें राष्ट्र लहान होत नाहीं. कंधारसारख्या गांवांतील विद्यार्थी, ज्यानें अंतराळस्थानक केवळ चित्रांत पाहिलें आहे, तो हे लेख वाचूनच जगाविषयींचें आपलें मत बनविणार आहे. उद्यां त्यानें परक्या प्रयोगशाळेंत परक्या माणसाशेजारीं बसून काम करावयाचें, तर त्याच्या हातीं आपण शत्रूंची यादी द्यावयाची कीं सोबत्यांची, हें लिहिणारांनीं ठरवावें.