अवेळच्या पावसाची सुट्टी

विलायती कथांतून एक प्रसंग पुष्कळदा भेटतो. बर्फ वेळेआधीच पडतो, रस्ते बुजतात, आणि एरव्ही मुलांना झोपलेलीच पाहणारा बाप दिवसभर शेकोटीपाशी त्यांच्यात बसतो. चाळीसगावात बर्फ कुठला! आमचा बर्फ म्हणजे अवेळी येणारा पाऊस. दिवाळीच्या तोंडावर आभाळ फुटते आणि कामाचा माणूस घरात अडकतो.

असा प्रसंग मीही एका कादंबरीत रंगवला होता. कारकून घरी राहतो, मुलांना कागदाच्या होड्या करून देतो, बायको भजी तळते. वाचकांना तो आवडला. परवा तो पुन्हा वाचला आणि मनाला खुपले: सुट्टी मिळाली कुणाला? चूल तर त्या दिवशी दुप्पट पेटली होती!

हे उमगले ते बहिणाबाई चौधरींमुळे. आसोद्यात जन्मलेल्या या बाईंना अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या गेल्या. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. जाते फिरत असताना, शेतात हात चालू असताना ती सुचली. गाण्यासाठीही त्यांना कामातून सुटका नव्हती. याच खानदेशात, धरणगावी, १८९० साली बालकवी जन्मले. त्यांच्या ‘श्रावणमासा’तला पाऊस मला आजही प्रिय आहे, पण तो डोळे भरून पाहणाऱ्याचा पाऊस. बहिणाबाईंचा पाऊस राबणारीचा. घराची गोष्ट लिहिणाऱ्याने ही दुसरी दृष्टी उसनी घ्यावी, असे मला वाटते.

कारण ऑक्टोबरात पाऊस आला की आमच्याकडे फुटलेली बोंडे भिजतात आणि कापूस वेचणाऱ्या बायांची रोजी बुडते. नोकरदाराची सुट्टी ती त्यांचा खाडा. ज्या कथेला हे दिसत नाही ती गोड असेल, पुरी नव्हे.

मग असा प्रसंग लिहूच नये का? अवश्य लिहावा. बापाने लेकरासाठी होडी करावी, हे सुख लहान नाही. यंदाच्या अंकांत असा पाऊस भेटला तर, वाचकहो, एवढेच पाहा: भजी तळणारी शेवटी चार घटका मुलांत बसली का? माझ्या कादंबरीत ती बसली नाही. पुन्हा आवृत्ती निघालीच, तर तिच्यासाठी एक पाट मांडायचा राहिला आहे.