न्याहाळकाची निवड : ग्रामीण मराठी वाचकाच्या दृष्टीने एक चिकित्सा

प्रस्तावना

महाजालावरील पान वाचण्यासाठी जे साधन वापरले जाते त्यास ‘ब्राउझर’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘न्याहाळक’ असा शब्द योजला जातो. दैनंदिन वापरासाठी कोणता न्याहाळक चांगला, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः वेग आणि सोय या दोनच निकषांवर दिले जाते. हे निकष इंग्रजी वाचणारा, स्वतःचा संगणक बाळगणारा नागरी वापरकर्ता गृहीत धरतात. हाच प्रश्न नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावातून विचारला तर निकष बदलतात. सातबारा उतारा काढणारा केळी-पपईचा शेतकरी किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी विद्यार्थिनी यांना तीन गोष्टी हव्या असतात : मराठी मजकूर शुद्ध दिसावा, समोरचे पान खरे असल्याची खात्री असावी आणि साधनाची निवड खरोखर आपली असावी. या तीन निकषांवर न्याहाळकांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संज्ञेचा विचार

इंग्रजीतील मूळ क्रियापदाचा अर्थ गुरांनी कोवळा पाला खाणे असा आहे. त्यात हेतूपेक्षा भटकणे अधिक आहे. याउलट ‘न्याहाळणे’ म्हणजे निरखून पाहणे. शेतकरी पीक न्याहाळतो, त्यात लक्षही असते आणि जाणही. परंतु व्यवहारात हा शब्द फारसा उतरला नाही. ‘क्रोम उघड’, ‘गुगलवर बघ’ असेच सर्वत्र बोलले जाते. वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणण्यासारखाच हा प्रकार होय. उत्पादनाचे नावच वस्तूचे नाव झाले की दुसरे काही निवडता येते, ही जाणीवच मावळते.

लिपीचा निकष

युनिकोड या सांकेतिक प्रमाणाच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही पुढील दीड दशक अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या स्वतंत्र फॉन्टमध्ये मजकूर देत राहिली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविण्याची ती युक्ती होती. फॉन्ट नसेल तर वाचकासमोर निरर्थक चिन्हांची रांग येई. यावर उपाय म्हणून काही संकेतस्थळे पानाबरोबरच फॉन्ट पाठवीत. त्यासाठीचे मायक्रोसॉफ्टचे तंत्र फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालत असे. म्हणजेच वाचकाने कोणता न्याहाळक वापरावा हे संकेतस्थळाच्या फॉन्टने ठरविले. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून दाखविणारी ‘पद्म’ ही जोडणी त्यासाठी तयार झाली. वापरकर्त्यांच्या गरजेतून निर्माण झालेला तो उपाय होता.

भ्रमणध्वनीवरही हीच अडचण होती. साध्या हँडसेटवरील ऑपेरा मिनीमध्ये देवनागरीऐवजी रिकामे चौकोन दिसत. पत्त्याच्या जागी एक विशिष्ट शब्द टंकलिखित करून गुंतागुंतीच्या लिपी चित्ररूपात दाखविण्याचा पर्याय निवडला की मराठी वाचता येई. अक्षर हे अक्षर म्हणून न येता चित्र म्हणून येई. त्यामुळे त्याची नक्कल करता येत नसे. तरीही त्या काळात अनेकांनी हा पर्याय आनंदाने स्वीकारला, यावरून स्वभाषेत वाचण्याची निकड लक्षात येते.

आज क्रोम, फायरफॉक्स, एज आणि सफारी हे चारही न्याहाळक या निकषावर उत्तीर्ण होतात. जुन्या खास फॉन्टमधील दस्तऐवज मात्र अजूनही शोधता येत नाहीत. तो दोष न्याहाळकाचा नसून दस्तऐवज निर्माण करणाऱ्यांचा आहे.

विश्वासाचा निकष

आधार क्रमांकांच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी याच शहादा तालुक्यातील टेंभली येथे झाला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. शासनाशी होणारा व्यवहार असा पडद्यावर आल्यानंतर न्याहाळक हा केवळ वाचनाचे साधन राहत नाही, तर तो साक्षीदार ठरतो. समोरचे संकेतस्थळ खरे आहे, असे सांगणारे प्रमाणपत्र कोणाचे मानावे, याची यादी न्याहाळकाजवळ किंवा संगणकाच्या कार्यप्रणालीजवळ असते.

या यादीचे महत्त्व २०१४ च्या जुलैमध्ये प्रत्ययास आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. भारतीय नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने विंडोजच्या यादीवर विसंबणारे न्याहाळक ती प्रमाणपत्रे खरी मानण्याची शक्यता होती. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असून तीत हे मूळ प्रमाणपत्र नसल्याने त्याच्या वापरकर्त्यांना हा धोका नव्हता. वेग आणि सोय यांच्या तुलनेत हा भेद कोठेही दिसत नाही.

पुढे केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय न्याहाळक विकसित करण्याची स्पर्धा जाहीर केली. भारतीय मूळ प्रमाणपत्रास मान्यता देणारी स्वतःची यादी ही तिच्यातील एक अपेक्षा होती. मार्च २०२५ मध्ये झोहो या कंपनीच्या चमूस प्रथम पारितोषिक मिळाले. परदेशी कंपन्यांच्या मर्जीवरील अवलंबित्व कमी करण्याचा हेतू योग्यच आहे. परंतु २०१४ चा दोष देशी यंत्रणेतीलच होता, हे विसरता येत नाही. केवळ स्वदेशी आहे म्हणून यादी विश्वासार्ह ठरत नाही. तिची स्वतंत्र आणि जाहीर तपासणी आवश्यक आहे.

निवडीचा देखावा

बहुतांश अँड्रॉइड भ्रमणध्वनी क्रोमसह येतात. या प्रथेची दखल घेऊन भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ॲप बाजारपेठेतील वर्चस्वाचा उपयोग क्रोमचे स्थान राखण्यासाठी केल्याचा निष्कर्षही त्या आदेशात आहे. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडाची रक्कम कायम ठेवली. दुसरी अडचण अधिक खोल आहे. एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि झोहोचा ‘उला’ ही नावे भिन्न असली तरी त्यांचा पाया गुगलप्रणीत क्रोमियम हाच आहे. दुकानात पाट्या अनेक, पण पीठ एकाच गिरणीचे, अशी ही स्थिती आहे.

गावपातळीवर यात आणखी एक पदर आहे. अनेकांचे अर्ज सेवा केंद्रातील संगणकावरून भरले जातात. तेथील न्याहाळक केंद्रचालकाने निवडलेला असतो आणि परवलीचा शब्द त्यातच जतन होण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी खाजगी खिडकीत काम करणे आणि उठण्यापूर्वी बाहेर पडल्याची खात्री करणे हे न्याहाळकाच्या नावापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.

समारोप

वरील निकषांचा एकत्रित विचार करता रोजच्या वापरासाठी फायरफॉक्सची शिफारस करावीशी वाटते. त्याचे अंतर्गत यंत्र आणि प्रमाणपत्रांची यादी स्वतंत्र आहे, तसेच त्याचा वापर मराठी संवादपटलासह करता येतो. त्याच्या मर्यादाही आहेत. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलशी असलेल्या शोध-करारातून येतो आणि क्रोमवरच पारखलेली काही संकेतस्थळे त्यात अडखळतात. म्हणून क्रोमियमवर आधारित दुसरा न्याहाळक हाताशी ठेवणे व्यवहार्य आहे.

तथापि हा प्रश्न केवळ व्यक्तीच्या आवडीचा नाही. शासकीय संकेतस्थळे किमान दोन स्वतंत्र यंत्रांवर तपासूनच खुली करावीत. महाविद्यालयीन संगणककक्षांत दोन्ही प्रकारचे न्याहाळक मराठी संवादपटलासह बसवावेत, म्हणजे विद्यार्थ्यांना दुसरा पर्याय असल्याचे निदान दिसेल. ज्या शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क पडद्यावरील एका उताऱ्यात सामावला आहे, त्याला तो उतारा कोणत्या साधनातून पाहावा हे ठरविता आले पाहिजे.