बेअरिंगमधल्या नऊ ओळी

समोर वर्तमानपत्रावर एक बेअरिंग कापून ठेवलं आहे. आमच्या जुन्या मारुती 800 च्या मागच्या डाव्या चाकातलं. रविवारी ते घरीच बदललं, पण काढलेलं भंगारात टाकवेना. आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, संतकवी दासोपंतांनी अंगावर घ्यायच्या पासोडीवर पंचीकरण हे वेदान्त-प्रकरण लिहून ठेवलं. वापरातली वस्तूही ग्रंथासारखी उलगडून वाचता येते, हे त्या पासोडीनं मला लहानपणीच शिकवलं. या पोलादी कड्यावर कुणी काही लिहिलेलं नाही. तरी त्यात वाचण्यासारखं पुष्कळ आहे.

कवितेसारखी याचीही पहिली ओळख नादानं झाली. गाडी चाळीसच्या पुढे गेली की मागून घुमल्यासारखा आवाज येई. शेजारच्या गल्लीत पिठाची गिरणी चालू असावी तसा. वेगाबरोबर सूर चढायचा. गिअर काढला, इंजिन मंदावलं, तरी सूर तोच. म्हणजे आवाज चाकाचा. उजव्या वळणावर तो वाढायचा, डाव्या वळणावर दबायचा. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो, त्यामुळे दुखणं डावीकडे हे उघड होतं. मागे आमच्या घरातले वडीलधारे आण्णा बसले होते. त्यांना विचारलं, “आवाज यायलाय का?”

“कवाचा यायलाय. डावं चाक हाय,” आण्णा म्हणाले. त्यांची उमेदीची वर्षं बैलगाडीवर गेली. त्यांना वळणाचा हिशोब मांडावा लागला नाही.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, मागची बाजू जॅकनं उचलली आणि खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नसतो. चाक वर आणि खाली धरून हलवलं तर बारीक खटका लागला. मग मी चाक फिरवलं आणि आण्णांनी स्प्रिंगवर बोटं टेकवली. “खरखर लागायलीय बोटाला.” कानाला जे घुमणं होतं, ते बोटाला खडीसारखं लागत होतं.

ड्रम निघाला आणि आतली रचना दिसली. दोन बेअरिंगं, आणि दोन्हींच्या मधे एक साधी लोखंडी नळी. वृत्तात यतीचं जे काम, ते इथे या नळीचं. नट आवळला की दाब एका आतल्या कड्यावरून नळीवर आणि नळीवरून दुसऱ्या आतल्या कड्यावर जातो. आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमधल्या छर्र्यांना त्याची झळ लागत नाही. नळी बसवायची राहिली, तर नटाचा प्रत्येक फेरा छर्र्यांना आडवा दाबत जाईल आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत बोलू लागेल.

बेअरिंगच्या कडेला कोरलेला आकडाही असाच नेमका. आमच्याकडे पाण्याच्या मोटारींमुळे 6205 अनेकांना तोंडपाठ आहे. त्यातला 6 म्हणजे खोल खाचेचं, छर्र्यांची एकच ओळ असलेलं बेअरिंग. 2 म्हणजे त्याची हलकी मालिका. 05 ला पाचानं गुणलं की आतलं भोक कळतं, 25 मिलिमीटर. बाहेरचा व्यास 52, जाडी 15. पुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं. जगात कुठल्याही दुकानात या चार आकड्यांचा अर्थ बदलत नाही.

नवं बेअरिंग ड्रममध्ये बसवताना ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर मारलं तर तो मार छर्र्यांमधून खाचेत उतरतो, तिथे खळगे पडतात आणि बेअरिंग बसवतानाच जुनं होतं. शेवटचा नट टॉर्क रेंच लावून, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाइतकाच आवळला.

आता कापलेल्या बेअरिंगकडे. हे पोलाद फार कडक असतं, हातोड्यानं फोडलं तर कपच्या उडतात. म्हणून डोळ्यांवर गॉगल चढवून ते ग्राइंडरनं कापलं. सीलचा रबरी ओठ चिरलेला निघाला, आत ग्रीस गंजानं तपकिरी झालेलं. कपड्यानं पुसून बाहेरच्या कड्याची खाच उजेडात धरली. खाचेत आडव्या, काळपट, सारख्या अंतरावरच्या रेघा दिसल्या. मोजल्या तर नऊ. छर्रेही नऊच.

फिरत्या चाकाच्या खाचेत अशा नऊ वेगळ्या रेघा उमटत नाहीत. छर्रे सगळी खाच सारखी घासतात. अशा काळपट रेघा बहुधा तेव्हा पडतात, जेव्हा आत पाणी शिरतं आणि चाक जागचं हलत नाही. प्रत्येक छर्रा जिथे टेकलेला असतो, तिथे त्याच्या कडेनं पाणी धरून राहतं आणि गंज पोलाद खातो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला, सिंदफणा नदी आमच्या अंगणात आली आणि गाडी तीन दिवस अर्ध्या चाकाच्या वर पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही ती धुतली, इंजिन दाखवून घेतलं. चाकं फिरत होती, म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. पुढे त्याच नऊ रेघांच्या काठावरून पोलादाचे पापुद्रे सुटले आणि गिरणी सुरू झाली. हे बेअरिंग धावून झिजलं नव्हतं, उभं राहून खचलं होतं.

कड्याचा तुकडा आण्णांच्या हातात दिला. त्यांनी रेघांवरून नख फिरवलं. “गाडी ओढ्यातून आली की आमी आधी आख बघायचो. वंगण धुवून गेलेलं असायचं.” 1794 साली वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी छर्र्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, तेही घोडागाडीच्या आखासाठीच. आण्णांचा आख आणि माझा हा ड्रम एकाच घराण्यातले. सील आलं, वंगण डोळ्याआड गेलं आणि पाण्यानंतर आख बघायची सवय आमच्या घरातून सुटली.

उजवं चाक अजून गप्प आहे. पण तेही त्याच पाण्यात, तेवढेच दिवस उभं होतं. येत्या रविवारी तेही उघडणार आहोत.