८८ डॉलर ३० सेंट : अमेरिकी फौजदारी न्यायाचा पाया आणि त्यातली फट



मागच्या दोन व्याख्यानांत आपण शिक्षेच्या तत्त्वज्ञानाचा विचार केला. कांट काय म्हणतो, बेंथम काय म्हणतो, हे पाहिलं. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, पुस्तकात हे ठीक आहे. पण जिथे आरोपीचे हक्क इतके बारकाईने लिहून ठेवलेत त्या अमेरिकेत प्रत्यक्षात काय होतं?" आज आपण त्याच प्रश्नाच्या मागे जाणार आहोत. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही, हे आधीच सांगतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे कलमांची यादी वाचण्यापेक्षा त्यांच्यामागचा युक्तिवाद टिकतो का, एवढंच आपण तपासू.

आधी पाया पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. त्यांतल्या चार आरोपीच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. चौथी दुरुस्ती म्हणते, वाजवी कारणाशिवाय झडती नको, जप्ती नको. पाचवी म्हणते, कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही आणि एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवायचा नाही. सहावी जलद आणि उघड खटल्याचा, निःपक्षपाती ज्यूरीचा आणि वकिलाचा हक्क देते. आठवी अवाच्या सवा जामीन आणि क्रूर शिक्षा यांना मनाई करते. हे सगळं सुरुवातीला फक्त केंद्र सरकारला लागू होतं. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनंतर, आणि खरं म्हणजे विसाव्या शतकातल्या निकालांमधून, यातलं बहुतेक राज्यांनाही लागू झालं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण अमेरिकेतले बहुसंख्य फौजदारी खटले राज्यांच्या कोर्टांत चालतात.

या दुरुस्त्यांच्या मुळाशी एक नैतिक निवड आहे. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. गुन्हेगार सुटू शकतो किंवा निरपराध अडकू शकतो. दोन्ही चुका सारख्याच वाईट आहेत का? ब्लॅकस्टोन अठराव्या शतकात म्हणाला, दहा गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण एका निरपराधाला शिक्षा नको. आपल्याकडे ही संख्या शंभरावर जाते, पण मुद्दा तोच. १९७० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'विन्शिप' प्रकरणात हा विचार घटनेच्या पातळीवर नेला. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला पाहिजे, आणि तो सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे.

ज्यूरीबद्दल थोडं बोलू. मराठी माणसाला ज्यूरी म्हटलं की दोन खटले आठवतात. एक १९५९ चा नानावटी खटला. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी 'निर्दोष' म्हटलं, पण तो निकाल टिकला नाही. दुसरा त्याहून जुना, १९०८ चा. मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी दोषी ठरवलं गेलं ते ७ विरुद्ध २ मतांनी. आजच्या अमेरिकेत तेवढ्यावर दोषी ठरवता आलं नसतं. २०२० च्या 'रामोस' निकालानंतर गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला ज्यूरीचं एकमत लागतं. त्याआधी लुइझियाना आणि ओरेगन या दोन राज्यांत १० विरुद्ध २ मतंही चालत असत. बारा जणांपैकी एकाच्या मनात जरी संशय उरला, तरी तो संशय आरोपीचा आधार ठरतो. ही कल्पना मोठी आहे. तिची थट्टा करणं सोपं आहे, तिच्याइतकी चांगली दुसरी सुचवणं अवघड आहे.

आणि वकिलाचा हक्क. क्लॅरेन्स गिडियन नावाचा फ्लोरिडातला एक गरीब माणूस. पूल खेळण्याच्या एका अड्ड्यात चोरी केल्याचा आरोप. त्याने वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने लिहून सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज पाठवला. १९६३ साली न्यायालयाने एकमताने सांगितलं की गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारने द्यायचा. खटला पुन्हा चालला. या वेळी वकील होता, आणि गिडियन निर्दोष सुटला. आरोप तोच, कोर्ट तेच. फरक फक्त बाजू मांडणाऱ्या माणसाचा. प्रक्रिया म्हणजे नुसता कागदी सोपस्कार नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कुणी सांगू शकेल असं आम्हाला वाटत नाही.

इथपर्यंत सगळं छान. आता फट.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेच दोन निकालांत नोंद केली की केंद्रीय कोर्टांत दोषी ठरणाऱ्यांपैकी ९७ टक्के आणि राज्यांच्या कोर्टांत ९४ टक्के लोक गुन्हा कबूल करून दोषी ठरतात. म्हणजे ज्यूरी बसत नाही, साक्षी होत नाहीत, उलटतपासणी होत नाही. वाजवी संशयापलीकडे काही सिद्ध करण्याची वेळच येत नाही. आजचा फौजदारी न्याय हा बहुतांशी खटल्यांचा नसून कबुल्यांचा आहे, अशा अर्थाचं न्यायालयानेच म्हटलं. यालाच 'प्ली बार्गेनिंग' म्हणतात. सरळ मराठीत सांगायचं तर कबुलीचा सौदा. आरोपी गुन्हा कबूल करतो, सरकारी वकील त्या बदल्यात आरोप कमी करतो किंवा कमी शिक्षेची शिफारस करतो.

हा सौदा कसा चालतो हे पाहायला आपण एकच निकाल जवळून वाचू. 'बोर्डनकर्चर विरुद्ध हेज', १९७८.

पॉल हेज हा केंटकी राज्यातला माणूस. ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा चेक वटवण्याचा आरोप. या गुन्ह्याला शिक्षा दोन ते दहा वर्षं. सरकारी वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, मी पाच वर्षांची शिफारस करतो. आणि खटल्याचा त्रास वाचवला नाहीस तर तुझ्यावर 'सराईत गुन्हेगार' कायद्याखाली नवा आरोप ठेवतो. हेजच्या नावावर आधीचे दोन गंभीर गुन्हे होते, त्यामुळे त्या कायद्याखाली जन्मठेप अटळ होती. हेजने नकार दिला. त्याला ज्यूरी हवी होती. सरकारी वकिलाने बोलल्याप्रमाणे केलं. ज्यूरीने दोषी ठरवलं आणि जन्मठेप झाली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालय म्हणालं की यात घटनाबाह्य काही नाही. युक्तिवाद असा: हक्क बजावला म्हणून एखाद्याला शिक्षा करणं घटनेला मान्य नाही. पण सौद्यात देवाणघेवाण असते. आरोपी प्रस्ताव स्वीकारायला किंवा नाकारायला मोकळा आहे, तोवर त्यात सूडाचा भाग नाही.

आता आपण आपलं काम करू. 'मोकळा आहे' म्हणजे काय?

आम्ही वर्गात नीतिशास्त्र शिकवायचो तेव्हा वाटमाऱ्याचं उदाहरण हमखास यायचं. तो सुरा रोखून म्हणतो, "पैसे की प्राण?" पर्याय दोन आहेत, निवड तुमची आहे. पण तुम्ही पैसे दिले तर ते दान ठरतं का? एकही विद्यार्थी कधी हो म्हणाला नाही. म्हणजे पर्याय असणं आणि मोकळं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉबर्ट नॉझिकने १९६९ साली सक्तीवर एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा की समोरचा माणूस धमकी देतोय की देऊ करतोय, हे ठरवायला एक आधाररेषा लागते. तो बोललाच नसता तर तुमचं काय झालं असतं? त्यापेक्षा चांगलं मिळत असेल तर ती देणगी, वाईट होणार असेल तर धमकी.

ही कसोटी हेजला लावू. आधाररेषा काय? ती सरकारी वकिलानेच आखली होती. पहिला आरोप ठेवताना हेजचा जुना इतिहास त्याला माहीत होता. तरीही त्याने दोन ते दहा वर्षांचाच आरोप ठेवला. म्हणजे या गुन्ह्याला एवढं पुरे, असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्यानंतर गुन्ह्यात काही भर पडली नाही, पुराव्यात पडली नाही. भर पडली ती एकाच गोष्टीची, हेजने ज्यूरी मागितली. पाच वर्षं आणि जन्मठेप यांतलं अंतर हे चेकची किंमत नव्हे, ज्यूरी मागितल्याची किंमत आहे. असहमत न्यायाधीशांपैकी पॉवेल यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. आमच्या मते बरोबर तेच होते.

यावर दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. सौद्याचे समर्थक म्हणतात, प्रत्येक प्रकरणात ज्यूरी बसवायची तर कोर्टं कोलमडतील. शिवाय पीडिताला साक्षीच्या पिंजऱ्यात पुन्हा सगळं सोसावं लागत नाही. आणि खरोखर गुन्हेगार असलेल्याला पश्चात्तापाबद्दल सूट मिळाली तर कुणाचं काय बिघडलं?

सूट द्यायला आमचीही हरकत नाही. पण व्यापाऱ्याची जुनी युक्ती आपल्याला ठाऊक आहे. आधी किंमत दुप्पट लावायची आणि मग निम्म्यावर आणायची. अमेरिकेत बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा सरकारी वकील निवडणुकीने येतो. कोणता आरोप ठेवायचा हे तो ठरवतो, आणि किमान शिक्षा कायद्यानेच बांधलेली असेल तर आरोप ठरवणं म्हणजेच शिक्षा ठरवणं. आपल्या मनातला न्याय म्हणजे रामशास्त्री. सत्तेसमोर उभा राहणारा, स्वतः निवाडा देणारा. या व्यवस्थेत रामशास्त्री खुर्चीवर बसलेले आहेत खरे, पण निवाडा बाहेरच्या खोलीत झालेला असतो आणि ते त्यावर शिक्का मारतात.

राहिला प्रश्न पश्चात्तापाचा. १९७० चं 'अल्फर्ड' प्रकरण पाहा. हेन्री अल्फर्डने कोर्टात सांगितलं की मी खून केलेला नाही, फाशी टाळायची म्हणून कबुली देतोय. न्यायालयाने ती कबुली ग्राह्य धरली. तीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याविरुद्ध पुरावा भक्कम होता, हे सांगायला हवं. पण तत्त्व काय प्रस्थापित झालं? 'मी केलं नाही' असं म्हणत 'मी दोषी आहे' असं म्हणता येतं. आता यात पश्चात्ताप कुठे आहे आणि सत्य कुठे आहे? पुढे डीएनए चाचणीने ज्यांची निर्दोषता सिद्ध झाली त्यांत गुन्हा कबूल केलेले लोकही निघाले. निरपराध माणूस कबुली का देईल, असं आपण विचारतो. उत्तर सोपं आहे. तो हिशेब करतो.

आणि या हिशेबात तुरुंगाची कोठडी मोठी भूमिका बजावते. न्यूयॉर्कमधला केलीफ ब्राउडर. २०१० साली, सोळाव्या वर्षी, पाठीवरची बॅग चोरल्याच्या आरोपाखाली पकडला गेला. जामीन ३००० डॉलर, घरच्यांना भरता आला नाही. तो आधीच्या एका प्रकरणात प्रोबेशनवर होता म्हणून पुढे जामीनही नाकारला गेला. रायकर्स बेटावर तीन वर्षं, त्यातला बराच काळ एकांत कोठडीत. कबुली दे आणि घरी जा, इथपर्यंत प्रस्ताव आला. तो नाही म्हणाला, कारण त्याचं म्हणणं होतं की मी चोरी केलेली नाही. २०१३ साली सरकारने खटला मागे घेतला. जलद खटल्याचा हक्क लिहिलेल्या देशात त्याचा खटला कधी उभाच राहिला नाही. २०१५ साली, बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. युक्तिवाद करताना आपण 'आरोपी' हा शब्द सहज वापरतो. तो शब्द उच्चारताना या मुलाचा चेहरा समोर असावा, एवढंच आमचं म्हणणं.

जॉन लँगबाइन या कायद्याच्या इतिहासकाराने १९७८ मध्येच एक बोचरी तुलना केली होती. मध्ययुगीन युरोपात गंभीर गुन्ह्यासाठी दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा कबुली लागे. निरपराधाला जपण्यासाठीच पुराव्याची अट इतकी कडक ठेवली होती. पण ती पुरी होईना, म्हणून कबुली मिळवायला छळ आला. लँगबाइन म्हणतात, अमेरिकी ज्यूरी खटलाही इतका गुंतागुंतीचा झाला की तो रोज चालवता येत नाही, म्हणून कबुलीसाठी दबाव आला. हाडं मोडणं आणि जास्त वर्षांची भीती घालणं यांत अंतर आहे, हे तेही मान्य करतात. पण रचना तीच. संरक्षण इतकं महाग होतं की ते कुणालाच मिळत नाही.

हे आपण का ऐकायचं? कारण हा सौदा २००६ पासून आपल्याही कायद्यात आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. आपल्याकडे त्याला कुंपण आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हेच त्यात येतात, स्त्रिया आणि लहान मुलांविरुद्धचे गुन्हे वगळले आहेत, अर्ज आरोपीने करायचा असतो आणि तो स्वेच्छेने केला आहे का हे न्यायाधीशाने बंद खोलीत एकट्या आरोपीला विचारून तपासायचं असतं. कुंपण चांगलं आहे. पण आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. खटल्याची वाट पाहून थकलेल्या माणसाची 'स्वेच्छा' किती मोकळी असते? तिथे खटला नाहीसा झाला, इथे तो संपत नाही. दोन्हीकडे दोष सिद्ध होण्याआधीच शिक्षा भोगून होते.

तेव्हा श्रोत्यांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. अमेरिकेचा पाया चुकीचा नाही. निर्दोषतेचं गृहीतक, सरकारवरचा भार, ज्यूरीचं एकमत, गरिबाला वकील, हे माणसाने विचारपूर्वक कमावलेलं धन आहे. चूक इथे आहे की हक्क वापरण्यावर किंमत लावली गेली आणि ती किंमत ठरवण्याचा अधिकार खटल्यातल्या एका पक्षाच्या हाती दिला गेला. हक्क काढून घेतला तर लोक ओरडतात. तो महाग केला तर कुणी ओरडत नाही. म्हणून कुठल्याही न्यायव्यवस्थेची परीक्षा करायची असेल तर तिथे कोणते हक्क आहेत एवढं विचारून थांबू नका. तो हक्क मागणाऱ्याला काय भरावं लागतं, हे विचारा. पॉल हेजला विचारलं असतं तर त्याने आकडा सांगितला असता.

पुढच्या वेळी आपण जामिनाकडे वळू. इलिनॉय राज्याने २०२३ साली पैशांचा जामीन पूर्णपणे बंद केला, त्यामागचा विचार तपासू. प्रश्न असतील तर लिहून पाठवा, आम्ही सगळे वाचतो.